घरातल्या ज्येष्ठांना न्यूमोनियाच्या लशीसाठी राजी कसे करावे

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दिवाळी सरली की पेट्यांमधून रजया बाहेर निघतात, गजकाची (तीळ-गुळाच्या मिठाईची) दुकाने लागतात आणि जुन्या वाड्यांच्या ओसरीवर म्हाताऱ्या माणसांचा खोकला ऐकू येऊ लागतो. पौषात किमान तापमान चार-पाच अंशांपर्यंत उतरते, काही दिवस सकाळी दहा वाजले तरी धुके हटत नाही. याच दीड-दोन महिन्यांत ओळखीच्या कुठल्या ना कुठल्या घरातून आजोबांना किंवा आजींना ‘छातीत कफ झाला’ म्हणून भरती केल्याचे कळते. या आजारपणांतला एक मोठा वाटा न्यूमोनियाचा असतो, आणि न्यूमोनियाच्या एका प्रमुख कारणावर प्रौढांसाठी लस आहे, ही गोष्ट भरती झाल्यावरच पुष्कळ घरांना समजते.

न्यूमोनियाच्या या प्रमुख जंतूच्या २३ प्रकारांवरची लस १९८३ पासून वापरात आहे. तरीही भारतात २०१७-१८ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत ४५ वर्षांवरील लोकांत न्यूमोनियाची लस घेतलेल्यांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आढळले. हा आकडा वाचून आपले ज्येष्ठ लशीला घाबरतात, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. हीच माणसे मार्च २०२१ मध्ये, साठीपुढच्यांसाठी कोविडची लस सुरू झाली तेव्हा, आधार कार्ड घेऊन सकाळपासून रांगेत बसली होती. त्या वेळी त्यांना कोणीतरी सांगितले होते, दिवस ठरवून दिला होता आणि बरोबर कोणीतरी गेले होते. न्यूमोनियाच्या लशीबाबत बहुतेक घरांत यातले काहीच घडलेले नसते. म्हणून पुढे जे लिहिले आहे ते सांगावे कोणी, केव्हा आणि कोणत्या शब्दांत, आणि होकार मिळाल्यावर तो सांडू नये यासाठी काय करावे, याविषयी आहे.

आधी स्वतः नीट समजून घ्यावे

आपल्यालाच अर्धवट माहिती असेल, तर पहिल्याच उलट प्रश्नाला आपण अडखळतो आणि समोरच्याचा विश्वास जातो. त्यामुळे दोन-चार गोष्टी पक्क्या असाव्यात.

ही लस न्यूमोकोकस नावाच्या जीवाणूवर आहे. हा जीवाणू पुष्कळ लोकांच्या, विशेषतः लहान मुलांच्या, नाका-घशात काही त्रास न देता राहतो आणि खोकल्या-शिंकांतून दुसऱ्याकडे जातो. वयामुळे किंवा दुसऱ्या आजारामुळे ज्याची प्रतिकारशक्ती उणावली आहे, त्याच्या फुप्फुसात तो उतरला की न्यूमोनिया होतो, आणि रक्तात किंवा मेंदूच्या आवरणात शिरला तर प्रकरण जिवावर बेतते. त्याचे शंभराच्या आसपास प्रकार आहेत, आणि लशींच्या नावांत येणारे १३, २०, २३ हे आकडे त्यांपैकी किती प्रकारांवर ती लस चालते ते सांगतात.

ही लस घेतली म्हणजे न्यूमोनिया होणारच नाही, असे कोणालाही सांगू नये. न्यूमोनिया इतर जीवाणूंमुळे आणि फ्लूसारख्या विषाणूंमुळेही होतो, आणि त्यांवर या लशीचा उपयोग नाही. नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरील सुमारे ८५ हजार लोकांवर १३ प्रकारांच्या लशीची मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. लशीत असलेल्या प्रकारांमुळे होणारा न्यूमोनिया त्यात सुमारे ४५ टक्क्यांनी कमी झाला, आणि त्याच प्रकारांचा रक्तात पसरणारा गंभीर आजार सुमारे ७५ टक्क्यांनी. सगळ्या कारणांचा न्यूमोनिया एकत्र मोजला तेव्हा मात्र असा ठळक फरक दिसला नाही. हे जसे आहे तसेच सांगावे असे माझे ठाम मत आहे, कारण सत्तर-पंचाहत्तर वर्षे जग पाहिलेल्या माणसाला ‘शंभर टक्के’ म्हणून सांगितलेल्या गोष्टीचा संशय आधी येतो. ‘सगळं टळेल असं नाही, पण जे सगळ्यात वाईट आहे त्याची शक्यता पुष्कळ कमी होते,’ हे वाक्य त्यांना पटते, कारण ते खरे आहे.

लस कोणी घ्यावी, याचे सर्वसाधारण उत्तर ६५ वर्षांवरील सर्वांनी, असे आहे. अमेरिकेत २०२४ च्या अखेरीस ही मर्यादा ५० वर्षांवर आणली गेली. मधुमेह, दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुना आजार), हृदयविकार, मूत्रपिंड किंवा यकृताचा जुना आजार असलेल्यांनी, धूम्रपान करणाऱ्यांनी, प्लीहा काढलेल्यांनी आणि कर्करोगाचे उपचार किंवा दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांनी ६५ ची वाट न पाहता डॉक्टरांना विचारावे.

म्हातारपणीचा न्यूमोनिया कसा येतो

ज्येष्ठांना राजी करण्याआधी घरच्यांना या आजाराची भीती योग्य प्रमाणात वाटली पाहिजे, म्हणून आमच्या घरी घडलेले सांगते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ए. जी. ऑफिसातून, म्हणजे महालेखापालांच्या कार्यालयातून, निवृत्त झालेले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षापर्यंत रोज सकाळी बाड्यापर्यंत, म्हणजे लष्करातल्या मोठ्या चौकापर्यंत, पायी जाऊन येत. त्या जानेवारीत दोन दिवस ते गेले नाहीत. थंडी आहे, म्हणून आम्ही काही विचारले नाही. ताप नव्हता, खोकलाही जेमतेम होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी ताटातली भाकरी न मोडता तशीच ठेवली आणि माझ्या मुलाला माझ्या धाकट्या भावाच्या नावाने दोनदा हाक मारली. आम्ही म्हटले, वय झाले. रात्री रजई सारखी करताना आईच्या लक्षात आले की रजईचा पोटावरचा भाग फार भरभर वर-खाली होतो आहे. घड्याळ लावून श्वास मोजले तर मिनिटाला ३२ भरले. नऊ दिवस ते दवाखान्यात होते, त्यांतले चार प्राणवायूवर. घरी आल्यावर पुन्हा बाड्यापर्यंत चालत जायला त्यांना होळी उलटून गेली.

ज्येष्ठांच्या न्यूमोनियात ताप नसू शकतो, हे तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हते. भूक जाणे, अचानक गोंधळल्यासारखे होणे, तोल जाऊन पडणे, दिवसभर झोपून राहणे एवढीच लक्षणे असू शकतात. म्हणून श्वास मोजायची सवय प्रत्येक घरात असावी. माणूस शांत पडलेला असताना, त्याला न सांगता, पूर्ण एक मिनिट मोजावे. निरोगी माणसाचे १२ ते २० श्वास होतात, आणि ३० किंवा त्याहून जास्त भरले तर तो धोक्याचा इशारा असतो. ऑक्सिमीटर ९४ च्या खाली दाखवत असेल तर डॉक्टरांना लगेच कळवावे, आणि ९० च्या खाली गेला तर फोनवर वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

अण्णांना त्याआधी पाच वर्षे रक्तदाब आणि मधुमेहासाठी दर दोन महिन्यांनी तपासले जात होते. त्या पाच वर्षांत कोणीही, एकदाही, या लशीचे नाव काढले नाही. ही खंत मला अजून आहे, पण तिच्यात माझाही वाटा आहे, कारण मीही कधी विचारले नाही.

बोलणे केव्हा काढावे आणि कोणी काढावे

लशीचा विषय आजारपणात काढू नये. खोकल्याने हैराण झालेल्या माणसाला ‘तेव्हाच लस घेतली असती तर’ असे म्हणणे त्याच्या मनाला लागते, आणि ताप किंवा मोठे आजारपण चालू असताना लस तशीही पुढे ढकलतात. शरीराला संरक्षण तयार करायला दोन-तीन आठवडे लागतात. त्यामुळे आमच्याकडच्या हवेत नवरात्रापासून दिवाळीपर्यंतचा काळ मला सगळ्यात सोयीचा वाटतो. मात्र ही लस वर्षभरात कधीही घेता येते, म्हणून दिवाळी हुकली तर पुढच्या दिवाळीची वाट पाहू नये.

बोलणारी व्यक्ती विचारपूर्वक निवडावी. घरात कर्त्या मुलाने सांगितले की वडिलांना ते हुकूम सोडल्यासारखे वाटते, सुनेने सांगितले की सासूबाईंना ती आपल्या म्हातारपणाची आठवण वाटते, आणि दोघांचाही नकार लशीला नसून सांगण्याच्या रीतीला असतो. अनेक घरांत नातवंडांचे बोलणे सहज ऐकले जाते. कुठे बरोबरीची बहीण किंवा जाऊ उपयोगी पडते, कुठे शेजारचे काका. सगळ्यात जास्त परिणाम होतो तो स्वतः लस घेतलेल्या समवयस्काचा. ज्या भजनी मंडळात एका काकूंनी लस घेतली आणि दुसऱ्या दिवशी टाळ घेऊन आल्या, तिथे बाकीच्यांना फार समजवावे लागत नाही. तुमच्या भागात ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा असेल, तर एखाद्या डॉक्टरांना तासभर बोलवावे आणि त्यातला अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवावा.

पती-पत्नी दोघे असतील तर दोघांनाही एकाच दिवशी घेऊन जावे. आमच्या पिढीच्या आयांना ‘यांचं आधी होऊ दे’ म्हणायची सवय असते, आणि मग त्यांचे राहून जाते.

शब्दांबद्दलही थोडे सांगायला हवे. ‘न्यूमोनियाची लस घ्यायची का?’ असे विचारले की ‘बघू’ हे उत्तर ठरलेले. त्याऐवजी ठरलेल्या गोष्टीसारखे सांगावे आणि शंकेला जागा ठेवावी. ‘अण्णा, येत्या गुरुवारी शुगर दाखवायला जातोय, तेव्हाच न्यूमोनियाची लस घेऊन टाकू. तुम्हाला काही विचारायचं असेल तर आत्ता सांगा, मी डॉक्टरांना विचारून ठेवते.’ यात आग्रह आहे पण जबरदस्ती नाही, आणि त्यांचा प्रश्न आपण गंभीरपणे घेतो आहोत हेही त्यांना दिसते.

‘नको’ मागचे खरे कारण

पहिला नकार क्वचितच खरा असतो. त्याच्यामागे काय आहे ते ओळखले तर उत्तर सापडते.

‘लस लहान मुलांना देतात’ हे सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि त्याला आमच्या गावात एक खास कारण आहे. इथे दवाखान्यांच्या भिंतींवर हिंदीत ‘टीकाकरण’ (लसीकरण) लिहिलेले असते आणि शेजारी आईच्या मांडीवर तान्हे बाळ काढलेले असते. पन्नास वर्षे ते चित्र पाहिलेल्या माणसाला टीका म्हणजे बाळाचे काम वाटणारच. मुलांच्या सरकारी लसीकरणात ही लस २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ मध्ये देशभर आली, पण प्रौढांना ती त्या कार्यक्रमात मिळत नाही, त्यामुळे हा समज आणखी पक्का होतो. अशा वेळी मी त्यांच्या हातावरच्या देवीच्या खुणेबद्दल विचारते. आज सत्तरीत असलेल्या जवळजवळ प्रत्येकाला देवी टोचलेल्या असतात. ती खूण कोणत्या गावी झाली, टोचणारा आला की कोण माळ्यावर लपले, जखमेवर खपली धरेपर्यंत आईने हात कसा बांधून ठेवला, हे सगळे ते सांगतात. १९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण सापडला नाही. ज्यांच्या डोळ्यांदेखत एक रोग टोचण्यामुळे गेला, त्यांना लशीचे महत्त्व आपण शिकवायची गरज नसते. लहान मूल आणि म्हातारा माणूस या दोघांची प्रतिकारशक्ती कमी असते, म्हणून न्यूमोनिया या दोन टोकांनाच जास्त गाठतो, एवढेच त्यात घालावे.

‘कोविडची घेतली की’ असे म्हणणाऱ्यांना ती वेगळ्या रोगावरची होती आणि फ्लूची लसही वेगळीच असते, हे सांगितले की पुरते. ‘लशीनेच न्यूमोनिया होतो’ या भीतीचे उत्तरही छोटे आहे. या लशीत जिवंत जंतू नसतो, त्याच्या कवचाचे तुकडे असतात, त्यामुळे तिच्यापासून न्यूमोनिया होऊच शकत नाही. ‘मी ठणठणीत आहे, मला कशाला’ म्हणणाऱ्यांशी तब्येतीवरून वाद घालू नये, कारण शरीर चांगले असताना घेतलेली लस जास्त चांगले काम करते, हे त्यांच्याच बाजूचे कारण आहे.

खर्चाचे कारण बहुधा बोलून दाखवले जात नाही. खासगी दवाखान्यात १३ किंवा २० प्रकारांच्या लशीचा खर्च काही हजारांच्या घरात जातो, आणि आपल्यासाठी मुलाच्या खिशातून एवढे जाऊ नयेत असे वाटणारी आई ‘मला सुईची भीती वाटते’ असे सांगते. सत्तरीपुढच्यांना मिळालेले आयुष्मान कार्ड आहेच, असेही काही घरांत म्हटले जाते, पण ते कार्ड भरती झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. लशीसाठी ते चालेल असे धरून बसू नये. ज्यांना निवृत्तिवेतन मिळते त्यांना स्वतःच्या पैशातून लस घेऊ द्यावी, त्यात त्यांचा मान राहतो. ज्यांना मिळत नाही त्यांच्यासाठी भावंडांनी वर्गणी काढावी. आपल्याकडे पंचाहत्तरी आणि सहस्रचंद्रदर्शन हौसेने करतात, चांदीची फुले उधळतात. त्या तयारीच्या यादीत लस लिहिली जावी, असे मला मनापासून वाटते.

सगळ्यात अवघड वाक्य असते ते ‘आता माझं काय राहिलंय’ हे. याला ‘असं बोलू नका हो’ म्हणून उडवून लावू नये. जवळ बसावे, थोडे थांबावे. या वाक्यात कधी एकटेपणा असतो, कधी नुकत्याच गेलेल्या जोडीदाराचे दुःख, कधी नुसता कंटाळा. आयुष्य वाढवण्याची भाषा इथे कामाची नाही. अण्णांना मी एवढेच म्हटले होते, ‘किती दिवस ते आपल्या हातात नाही, पण ते दिवस नाकात नळी घालून काढायचे नाहीत, एवढं तरी बघू.’ ते त्या दिवशी काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी स्वतःहून विचारले, ‘डॉक्टर काय म्हणतात?’

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. एका नातेवाइकांच्या घरी आजींना ‘ताकदीचं इंजेक्शन आहे’ म्हणून लस दिली गेली. त्यांना ते नंतर कळले, आणि वर्षाने दुसऱ्या मात्रेची वेळ आली तेव्हा त्यांनी साधे रक्त तपासायलाही हात पुढे केला नाही. विस्मरणाचा आजार असलेल्या माणसालाही सोप्या शब्दांत, जितक्या वेळा लागेल तितक्या वेळा, खरेच सांगावे.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहून घ्यावे

ज्येष्ठांच्या लसीकरणावर देशोदेशी जे अभ्यास झाले, त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांनी स्पष्टपणे ‘घ्या’ म्हटले, तर माणूस लस घ्यायला तयार होतो. माझा अनुभव याच्या पुढचा आहे. डॉक्टरांनी तोंडी सांगितलेले जिना उतरेपर्यंत विसरले जाते, आणि चिठ्ठीवर लिहिलेले घरी पाळले जाते. आमच्याकडे चिठ्ठीला पर्चा म्हणतात आणि त्या पर्च्याला मोठा मान असतो. अण्णांचा पहिला प्रश्न हाच होता, ‘पर्च्यावर लिहिलंय का?’

म्हणून तपासणीला जाताना एका कागदावर तीन गोष्टी लिहून न्याव्यात: वय आणि आजार, चालू औषधे, आणि आधी कोणती न्यूमोनियाची लस घेतली असल्यास तिचे नाव व तारीख. तपासणी संपून डॉक्टर चिठ्ठी लिहायला घेतात त्या क्षणी, ज्येष्ठांच्या समोरच, विचारावे, ‘यांना न्यूमोनियाची लस द्यायची का, आणि कोणती? चिठ्ठीवर लिहून द्याल का?’ डॉक्टर घाईत असतात, त्यांच्या मनात नसते असे नाही. प्रश्न सरळ आला की उत्तरही सरळ मिळते. डॉक्टरांनी ज्येष्ठांकडे पाहून एक वाक्य बोलावे, अशी विनंतीही करायला हरकत नाही.

अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारे दुसरे औषध चालू असेल तर ते आधी सांगावे. ते आपल्या मनाने बंद करू नये. बारीक सुई वापरून नंतर ती जागा दोन-तीन मिनिटे दाबून धरतात. याआधीच्या मात्रेने किंवा लशीतल्या घटकाने तीव्र अॅलर्जी झालेली असेल तर ती लस देत नाहीत. साधी सर्दी हे लस टाळण्याचे कारण नाही.

कोणती लस, किती अंतराने

पर्याय मुख्यतः दोन वाटांचे आहेत. आधी १३ प्रकारांची कॉन्ज्युगेट लस (कवचाचे तुकडे प्रथिनाला जोडून केलेली) घेतली, तर २३ प्रकारांची पॉलिसॅकराइड लस (नुसत्या कवचाच्या तुकड्यांची) साधारणपणे एक वर्षानंतर घेतात. प्रतिकारशक्ती फारच कमी असलेल्यांसाठी हे अंतर आठ आठवड्यांपर्यंत कमी केले जाते. दुसरी वाट म्हणजे अलीकडे प्रौढांसाठी आलेली २० प्रकारांची कॉन्ज्युगेट लस, जिची एकच मात्रा पुरते. घरातले माणूस वर्षाने पुन्हा यायला कां-कूं करेल असे वाटत असेल, किंवा परगावी मुलाकडे जाणार असेल, तर एका मात्रेची लस मिळते का हे आवर्जून विचारावे. कोणी आधीच २३ ची घेतली असेल, तर पुढची कॉन्ज्युगेट लस निदान एक वर्षाने घेतात. निवड डॉक्टरांनीच करावी, पण हे आकडे आपल्याला माहीत असले की चिठ्ठी वाचता येते.

लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते आणि ती गोठता कामा नये. शक्यतो जिथे लस साठवतात तिथेच ती घ्यावी. औषधाच्या दुकानातून आणावी लागली तर थंड डब्यातून थेट दवाखान्यात न्यावी, कुपी बर्फाला टेकू देऊ नये, आणि वाटेत भाजी घ्यायला थांबू नये. आदल्या दिवशी फोन करून लस उपलब्ध असल्याची खात्री करून घ्यावी. ज्येष्ठांना जिने चढवून न्यावे आणि ‘संपली, पुढच्या आठवड्यात या’ असे ऐकावे लागले, तर मोठ्या कष्टाने मिळालेला होकार तिथेच संपतो.

लशीचा दिवस

इंजेक्शन दंडाच्या वरच्या भागात, स्नायूत देतात. थंडीत बंडी, सदरा, स्वेटर आणि वर कोट असे चार थर घातलेल्या माणसाची बाही खांद्यापर्यंत चढत नाही, आणि गर्दीत कपडे उतरवावे लागले की तो संकोचतो. सैल बाहीचा सदरा आणि वरून शाल, एवढेच घालून न्यावे. आजींच्या ब्लाउजची बाही घट्ट असेल तर आधीच दुसरा काढून ठेवावा आणि पडद्याआड द्यायला सांगावे. उपाशीपोटी नेऊ नये. ज्या हाताने जेवतात त्याच्या दुसऱ्या हातात लस घ्यावी. त्याच दिवशी फ्लूची लसही घ्यायची असेल तर ती दुसऱ्या दंडात देता येते, आणि फ्लूची मात्र दरवर्षी घ्यावी लागते.

लस दिल्यावर पंधरा-वीस मिनिटे तिथेच बसावे. घरी आल्यावर दंड दुखणे, थोडी सूज किंवा लाली, अंग मोडून येणे, हलका ताप हे एक-दोन दिवस होऊ शकते, आणि हे आधीच सांगून ठेवलेले असावे, म्हणजे ‘लस बाधली’ असा समज होत नाही. हात हलता ठेवावा, लागल्यास डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल द्यावे. अंगावर गांधी उठणे, चेहरा सुजणे किंवा धाप लागणे हे फार क्वचित होते, पण झालेच तर तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. त्या संध्याकाळी कोणीतरी घरी असावे. घरी पाहायला माणूस असणे आणि रात्री एकदा ‘दंड दुखतोय का’ असे विचारणे, यामुळे दुसऱ्या मात्रेचे काम सोपे होते.

सगळे करूनही नकार आला तर तो स्वीकारावा, अबोला धरू नये, आणि दोन-तीन महिन्यांनी, एखाद्या समवयस्काने लस घेतल्याच्या निमित्ताने, पुन्हा विषय काढावा. तोवर जे हातात आहे ते करावे. लस घेतलेल्यांनीही हे सोडू नये. बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नये. दात किंवा कवळी रोज घासावी आणि कवळी रात्री काढून ठेवावी, कारण तोंडातले जंतू झोपेत फुप्फुसात उतरतात. जेवण बसूनच द्यावे आणि नंतर अर्धा तास आडवे होऊ देऊ नये. खोकणाऱ्या नातवंडाला काही दिवस आजोबांच्या रजईत झोपू देऊ नये.

लस झाली की नोंद लगेच करावी. लशीचे पूर्ण नाव, बॅच क्रमांक, तारीख, कोणता दंड आणि पुढची मात्रा असल्यास तिची तारीख, एवढे चिठ्ठीच्या मागे किंवा वहीत लिहावे आणि त्याचा फोटो दोन मुलांच्या फोनमध्ये ठेवावा, कारण वर्षाने डॉक्टर नेमके हेच विचारतात. अण्णांनी हे काम स्वतःकडे घेतले. दवाखान्यातून परतल्यावर त्यांनी औषधांच्या बिलांचे लाल पुठ्ठ्याचे रजिस्टर काढले, नवे पान उघडून पट्टीने चार रकाने आखले, चष्मा कपाळावर चढवून बॅच क्रमांक दोनदा ताडून पाहिला आणि लिहिला. मग त्याखाली त्यांनी दुसरी ओळ आखली, तिच्यात आईचे नाव घातले आणि तारखेचा रकाना मोकळा ठेवून मला विचारले, ‘हिला कधी नेतेस?’